‘वुड यू माइंड’ला ‘येस’ म्हणू नका

पुण्यातल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसलो होतो. परदेशातून आलेला एक पाहुणा समोर येऊन उभा राहिला आणि रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाला, ‘वुज्यू माइन्डिफाय सॅट हिअर?’ त्यातलं मला ‘सॅट हिअर’ तेवढं कळलं. बसू का विचारतोय, हे तर उघडच होतं. मी तोंडभर हसून मान डोलावली आणि म्हणालो, ‘येस!’ तो क्षणभर थबकला, ‘ओह, सॉरी’ म्हणाला आणि ताट घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेला. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे, बसा म्हटलं तर उठून चालला. त्यानं काय विचारलं होतं आणि मी काय सांगून बसलो होतो, हे कळायला पुढं बरेच महिने गेले.

‘वुड यू माइंड’ दोनदा फसवतं. एकदा अर्थात, कारण उत्तर उलटं द्यावं लागतं. आणि एकदा कानाला, कारण पुस्तकात दिसणारे तीन शब्द बोलताना तीन राहतच नाहीत. इंग्रजी बोलायला नुकती सुरुवात केली असेल, नोकरीच्या मुलाखती चालू असतील किंवा शिकायला बाहेर जायचं असेल, तर या एका वाक्प्रयोगावर आठवडाभर मेहनत घ्या. त्या मेहनतीतून इतर पन्नास वाक्यं सुटतील.

पायरी १ : मनातलं भाषांतर बदला

आपण हा प्रश्न ऐकतो आणि मनातल्या मनात त्याचं ‘चालेल का?’ करून टाकतो. हेतू बरोबर पकडलेला असतो, शब्द मात्र चुकतो. ‘चालेल का?’ला उत्तर ‘हो’ येतं, म्हणून तोंडातून ‘येस’ निघतं आणि गाडं अडतं. त्याऐवजी भाषांतर करा ‘हरकत आहे का?’ बस्स, एवढंच. आता उत्तर आपोआप येईल: ‘नाही नाही, बसा की.’ मराठीत हे आपण रोज करतो. एसटीत शेजारच्या सीटवरची पिशवी उचलताना ‘काही हरकत नाही’ म्हणतोच ना? तेच इंग्रजीत करायचं आहे.

इथं ‘माइंड’ हे नाम नसून क्रियापद आहे. अर्थ: मनाला खटकणं, मनावर घेणं, वाईट वाटणं. इंग्रजीतलं ‘माइंड’ आणि आपलं ‘मन’ हे खरोखरच एकाच घराण्यातले. संस्कृतातलं ‘मनस्’, लॅटिनमधलं ‘मेन्स’ आणि इंग्रजीतलं हे ‘माइंड’ यांचं मूळ एकच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ ‘आठवण’ असा होता. खटकण्याचा अर्थ फार नंतर आला. म्हणजे ‘वुड यू माइंड’ विचारणारा शब्दशः म्हणत असतो, ‘तुमच्या मनाला लागेल का?’ त्यावर मी आनंदानं ‘हो’ म्हटलं होतं!

(हरकत या शब्दाचीही गंमत आहे. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. हिंदीवाल्यांच्या लेखी ‘हरकत’ म्हणजे हालचाल किंवा चाळे. आपण मात्र तिला थेट आक्षेप करून टाकलं. तेव्हा हिंदीत ‘हरकत’ हाच शब्द घेऊन ही युक्ती चालणार नाही.)

मग ‘वुड’ कशाला, ‘डू यू माइंड’ का नाही? तेही चालतं, रोज वापरतात. फरक ‘देता का’ आणि ‘द्याल का’ यांच्यातला. ‘वुड’नं थोडं अंतर पडतं, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. अनोळखी माणसाशी, वयानं मोठ्यांशी, ऑफिसात वरिष्ठांशी ‘वुड’ धरा. रूममेटला ‘डू’ पुरे.

पायरी २ : नुसतं ‘येस’ नको, नुसतं ‘नो’ही नको

नियम ‘नो म्हणजे चालेल’ असा आहे, पण बोलणारे इंग्रजही हा नियम काटेकोर पाळत नाहीत. कोणी ‘शुअर’ म्हणतं, कोणी ‘ऑफ कोर्स, गो अहेड’, आणि ते चालून जातं. कारण पुढची शेपटी आणि चेहरा बाकीचं सांगतात. गोंधळ होतो तो एकटं ‘येस’ ठेवून गप्प बसलं की. एकटं ‘नो’ही जरा तुटक वाटतं, ऐकणारा पेचात पडतो की याला हरकत नाही की हा मुळात नाही म्हणतोय.

म्हणून नवख्यानं एकच उत्तर घोकावं: ‘नॉट ॲट ऑल’. म्हणायचं मात्र जोडून, ‘नॉटटॉल’च्या जवळपास, शेवटच्या ‘ऑल’वर जोर देऊन. बरोबर हातानं खुर्ची दाखवा. हे उत्तर कुठंच चुकत नाही. दुसरं सोपं: ‘नो, प्लीज, गो अहेड.’

आणि खरोखरच हरकत असेल तर? शेजारची खुर्ची मित्रासाठी धरली आहे, अशा वेळी ‘येस, आय माइंड’ म्हणणं म्हणजे भांडणच. तिथं ‘सॉरी, समवन्स सिटिंग हिअर’ म्हणून कारण द्यायचं. दुसऱ्यानं एखादी गोष्ट करू नये असं वाटत असेल तर ‘आय्ड रादर यू डिडन्ट’, म्हणजे ‘नको केलंत तर बरं’. ‘येस’ हा शब्द इथंही लागतच नाही, हे लक्षात येतंय का? वर्गात मी सांगतो, या प्रश्नापुरतं ‘येस’ घरी ठेवून या.

पायरी ३ : पुढं काय जोडायचं

साचे तीनच आहेत.

पहिला, काम समोरच्यानं करायचं असेल तर: वुड यू माइंड ओपनिंग द विंडो? क्रियापदाला ‘इंग’ लागतो. ‘माइंड टु ओपन’ म्हणायचा मोह आपल्याकडं फार. ‘उघडायला हरकत आहे का’ यातला ‘ला’ डोक्यात असतो आणि त्याचा ‘टु’ होतो. तो तोडा.

दुसरा, काम मी करणार असेन तर: वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो? खिडकी अजून उघडायची आहे, मग भूतकाळ कशाला, असा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतंच. तेव्हा मी उलट विचारतो, ‘मी खिडकी उघडली तर चालेल का?’ या वाक्यात ‘उघडली’ कुठला काळ? विचारणारा हसतो. मराठी हेच करते: ‘मी इथं बसलो तर’, ‘जरा लवकर गेले तर’. सगळी भूतकाळाची रूपं, अर्थ पुढचा. कॅन्टीनमधल्या पाहुण्यानं ‘सिट’ न म्हणता ‘सॅट’ म्हटलं ते ‘बसलो तर’ याच चालीनं. आपल्याला हा साचा आईकडूनच आलेला आहे. इंग्रजीचं पुस्तक उगाच त्याला अवघड करतं. ‘डू यू माइंड’ वापरलं तर मात्र साधं रूप येतं: डू यू माइंड इफ आय सिट हिअर? बोलताना लोक ‘वुड’बरोबरही साधं रूप वापरतात, त्यावरून कोणी अडवत नाही.

तिसरा, एखादी गोष्ट करू नका असं सांगायचं असेल तर: वुड यू माइंड नॉट स्पीकिंग सो लाउडली? ‘नॉट’ क्रियापदाच्या अगदी आधी. हे वाक्य सभ्य आहे, तरी टोचतं, जपून वापरा.

पायरी ४ : ‘वुड’

डब्ल्यू, ओ, यू, एल, डी. यातला एल लिहिण्यापुरता. ‘वुड’ म्हणजे लाकूड, त्याचा आणि याचा उच्चार एकच. ‘विल’पासून ‘वुड’ आणि ‘शॅल’पासून ‘शुड’ झालं, म्हणून तिथं एल एके काळी खरोखर उच्चारला जाई. ‘कुड’मध्ये मात्र तो कधीच नव्हता, ‘कॅन’मध्ये एल येणार कुठून? १५व्या-१६व्या शतकाच्या सुमाराला लिहिणाऱ्यांनी शेजारच्या दोघांचं बघून त्यालाही चिकटवला. तिन्हीतला एल गिळा.

खरी अडचण पहिल्या अक्षराची. मराठीत ‘व’ एकच आहे, इंग्रजीत त्या जागेवर दोन ध्वनी आहेत. आरशासमोर ‘वारा’ म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण नीट टेकत नाही. आपला व हा असा अधला-मधला. इंग्रजांचा डब्ल्यू म्हणताना दातांचा संबंधच येत नाही. ओठांचा चंबू करायचा, मेणबत्तीवर फुंकर घालतो तसा, आणि तिथून तोंड उघडायचं. सोपी युक्ती: आधी छोटा ‘उ’ म्हणा, मग त्यातूनच ‘वुड’मध्ये घसरा, ‘उवुड’. जरा वेळानं ‘उ’ इतका आखूड करा की तो ऐकूच येऊ नये. ‘वुड’मध्ये पुढं उ असल्यानं ओठ तसेही गोल होतात, ‘विंडो’मध्ये मात्र कसोटी लागते. तिथं ‘उविंडो’ असं दहादा म्हणा.

दुसरा ध्वनी व्ही. ‘मूव्हिंग’मधला. इथं वरचे दात खालच्या ओठावर खरेच टेकवायचे आणि भुंग्यासारखा आवाज काढायचा. म्हणून सरावाला मी हे वाक्य देतो: ‘वुड यू माइंड मूव्हिंग अ बिट?’, जरा सरकता का? एका वाक्यात चंबूही येतो आणि दातही येतात. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून म्हणा; काय चुकतंय ते कानापेक्षा डोळ्यांना आधी कळतं.

पायरी ५ : ‘वुड यू’चं ‘वुज्यू’

सगळ्यात मोठी फसगत इथली. ‘वुड यू’ असे दोन सुटे शब्द ऐकायला कान लावून बसलात तर हा प्रश्न ऐकूच येणार नाही. आधीच्या शब्दाचा ड आणि पुढच्याचा य एकत्र आले की त्यांचा ज होतो: वुज्यू. घाईत, विशेषतः अमेरिकेत, नुसतं ‘वुज’ उरतं.

हे काही आळशी इंग्रजी नाही. ‘एज्युकेशन’ आपण ज लावूनच म्हणतो, पण स्पेलिंगमध्ये तिथं डी आहे. ‘ग्रॅज्युएट’चंही तेच. ती जी घडामोड शब्दाच्या पोटात झाली, तीच ‘वुज्यू’मध्ये दोन शब्दांच्या सांध्यावर होते. ट आणि य भेटले की च होतो, म्हणून ‘डोन्ट यू’चं ‘डोन्च्यू’.

आणि आपल्याला यात नवल वाटायचं कारणच नाही, कारण मराठी याच वाटेनं घडली. संस्कृत ‘अद्य’मधल्या द आणि य यांचा प्राकृतात ज्ज झाला आणि मराठीत ‘आज’ आला. ‘विद्युत्’ची ‘वीज’ झाली. त आणि य यांचा च झाला, म्हणून ‘नृत्य’चा ‘नाच’. जीभ दातांमागून उठून य म्हणायला टाळूकडं निघते आणि मधेच ज किंवा च पकडते. माणूस नाशिकचा असो की न्यू यॉर्कचा, जीभ तीच सवलत घेते. माझ्या वर्गात जे विद्यार्थी ‘वुज्यू’ला नाकं मुरडतात, ते ‘अद्य’-‘आज’ फळ्यावर लिहिलं की गप्प होतात.

एक सावधगिरी. मराठीत ज दोन आहेत. जगणे या क्रियापदाचा ‘जग’ आणि दुनिया या अर्थाचा ‘जग’ म्हणून बघा: पहिल्यात जीभ दातांपाशी, दुसऱ्यात टाळूपाशी. ‘आज’ आणि ‘वीज’ यांतलाही ज दातांपाशीचाच. ‘वुज्यू’त मात्र टाळूचा हवा, ‘जीव’मधला.

सराव असा: ‘वुड’ म्हणा, थांबा, ‘यू’ म्हणा. मधला थांबा कमी करत जा. जबरदस्तीनं ज आणू नका; वेग वाढला की तो आपण होऊन येईल. नाहीच आला तर ‘वुड यू’ स्वच्छ म्हणा, तेही बरोबरच आहे. बोलताना ज आला नाही तरी निभावतं, ऐकताना तो ओळखता आला पाहिजे.

पायरी ६ : ‘माइंड’ आणि पुढचा शब्द

देवनागरीत ‘माइंड’ लिहिलं की आपण अनुस्वाराचा ण् करतो, ‘माइण्ड’, जीभ मागं वळवून. इंग्रजीतले न आणि ड जरा पुढचे, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर. आपला ड वापरलात तरी कळतं, त्यासाठी झोप घालवू नका. जपायचं ते मधल्या स्वराला: ‘मा’पासून ‘इ’पर्यंतची घसरण पूर्ण करा. घाईत ‘मॅन्ड’ झालं तर कोणाला काही कळणार नाही.

पुढं स्वर आला की ड त्याला जाऊन चिकटतो: माइन्डिफाय, म्हणजे ‘माइंड इफ आय’. मला कॅन्टीनमध्ये अडवलं ते याच गोळ्यानं. पुढं व्यंजन आलं की ड जवळजवळ गळतो: ‘माइन् मूव्हिंग’. शेवटी ‘इंग’. त्यात ग वाजत नाही. आपल्या ‘रंग’मध्ये ग ऐकू येतो, पण ‘वाङ्मय’ म्हणताना ङ एकटाच असतो. तो ‘वाङ्मय’चा ङ इथं आणा: ओपनिङ्, मूव्हिङ्.

पायरी ७ : चाल

मराठीत प्रश्नाचं ओझं ‘का’ उचलतो. इंग्रजीत या प्रश्नाचं बरंचसं ओझं आवाजाच्या चढावर असतं. शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर आवाज वर न्या: ...द विंडो↗. तोच खाली पाडलात तर शब्द सभ्य राहून स्वर हुकमाचा होतो. ‘डू यू माइंड!’ असं खालच्या पट्टीत, भुवया उंचावून म्हटलं, तर ते सरळ सरळ ‘काय चाललंय काय तुमचं?’ असतं, रांगेत मधे घुसणाऱ्याला ऐकायला मिळतं. त्याला ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायला जाऊ नका.

जोर कुठं? आपण प्रत्येक अक्षराला सारखं माप देतो. इथं ‘वु’ आणि ‘ज्यू’ हलके, झटपट, ‘माइन्ड’ जड. शाळेत ‘यमाताराजभानसलगम्’ घोकलं असेल तर लक्षात ठेवा, हा सगण: लघु, लघु, गुरू. टेबलावर बोटानं ताल धरून म्हणा. हा ताल बसला तर व-ड-ण मधल्या बारीक चुका खपून जातात.

‘माइंड’चे इतर वेष

हे भेटतीलच, म्हणून झटकन सांगतो. ‘नेव्हर माइंड’ म्हणजे जाऊ द्या, मनावर घेऊ नका. चहा की कॉफी विचारल्यावर ब्रिटिश माणूस ‘आय डोन्ट माइंड’ म्हणाला तर त्याला दोन्ही चालतं. तो रुसलेला नाही. वाक्याच्या सुरुवातीचं किंवा शेवटचं ‘माइंड यू’ म्हणजे आपलं ‘बरं का’. आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८च्या सुमाराला सुरू झालेली ‘माइंड द गॅप’ ही घोषणा: तिथं ‘माइंड’ म्हणजे सांभाळा, लक्ष ठेवा. मुंबईच्या लोकलमध्ये पायदान आणि फलाट यांमधल्या अंतराकडं लक्ष द्यायला सांगतात, तेच. तिथं ‘नो’ म्हणून भागत नाही.

पायरी ८ : पहिलं खरं वाक्य

खिडक्या आणि खुर्च्या बाजूला ठेवा. पहिल्यांदा पाठ करायचं ते हे: ‘वुज्यू माइन्ड रिपीटिङ् दॅट?’, पुन्हा सांगाल का? जोर ‘पी’वर. फोनवरच्या मुलाखतीत, ऑनलाइन मीटिंगमध्ये, विमानतळाच्या खिडकीशी, जिथं कळलं नाही तिथं हे वाक्य वेळ मिळवून देतं. ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं, ‘कम अगेन?’ काहींना खटकतं. न कळताच मान डोलावणं सगळ्यात वाईट, मी सांगतोच आहे.

रोज दहा मिनिटं अशी घाला. एखाद्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संकेतस्थळावर ‘वुड’ आणि ‘माइंड’ शोधा. शेजारच्या लाउडस्पीकरच्या चिन्हांवर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐका. मग मुलाखतीचा एखादा व्हिडिओ वेग पाऊणपट करून लावा आणि ‘वुज्यू’ सापडतो का बघा. शेवटी स्वतःचं वाक्य फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री आपला आवाज आपल्याला फार गोड वाटतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी खरी परीक्षा. बँकेच्या किंवा मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा, भाषा इंग्रजी निवडा, शिल्लक किंवा प्लॅन असं काहीतरी साधं विचारा. पलीकडून उत्तर आलं की, कळलं असलं तरीही, एकदा म्हणा: ‘सॉरी, वुज्यू माइन्ड रिपीटिङ् दॅट?’ आणि पलीकडचा पहिला शब्द कुठला येतो तिकडं कान द्या. ‘शुअर’ आला, ‘नॉट ॲट ऑल’ आला किंवा काही न बोलता त्यानं सरळ माहिती पुन्हा सांगितली, तर वाक्य पोचलं. त्यानंच उलट ‘पार्डन?’ विचारलं, तर उद्या पुन्हा चौथ्या पायरीपासून, आरसा घेऊन.